जनावराचा माग

संध्याकाळच्या ज्या वेळेस आपल्या पूर्वजांनी गोरज मुहूर्त असे नाव दिले, ती वेळ मुळात गाई घरी परतण्याची होय. त्यांच्या खुरांची धूळ रस्त्यावर दिसू लागली म्हणजे घड्याळ पाहण्याचे कारण पडत नसे. मंगलकार्यास ही वेळ का निवडली, याची शास्त्रोक्त कारणे पंडितांनी द्यावीत. आम्हांस मात्र वाटते की, सकाळी बाहेर पडलेले सर्व जीव सुखरूप परत आले, हा दिलासाच त्या वेळेच्या मांगल्याचे मूळ असावा. गोंडपिपरीस राहणाऱ्या माणसास तरी हे तत्काळ पटेल.

वर्धा आणि वैनगंगा या नद्या एकत्र मिळून प्राणहिता होते. त्या संगमाच्या अलीकडे, दोन्ही नद्यांच्या मधल्या भागात आमचा तालुका वसला आहे. सागाचे व बांबूचे रान शेताच्या बांधापासून फार दूर नाही. २०२१ साली याच भागात कन्हारगाव अभयारण्य घोषित झाले. वाघ हा येथे केवळ गोष्टीतला प्राणी नाही. यामुळे गाय वेळेवर परतली नाही, तर प्रश्न एका वेळच्या दुधाचा राहत नाही. तिला शोधावयास रानात कोणी जावयाचे, हा खरा प्रश्न असतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाने माणूस मारल्याचे वृत्त येते, तेव्हा तो माणूस पुष्कळदा गुरे राखणारा अथवा मोहफुले वेचणारा असतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे.

जनावराचा ठाव सांगणारे पट्टे हल्ली विकत मिळतात. परंतु पट्ट्याची किंमत मोजून भागत नाही. पुढे महिन्याच्या महिन्यास वर्गणी भरावी लागते. ही वर्गणी कशाची, असे पुष्कळजण विचारतात. उपग्रहांची ती नव्हे. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत साऱ्या जगास फुकट मिळतात, आणि त्यांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टताही २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली. पट्टा हे संकेत ऐकतो व आपण कोठे आहोत हे हिशेबाने ठरवितो. पण उपग्रह त्याचे काही ऐकत नाहीत. म्हणजे गाय कोठे आहे हे गाईच्या गळ्यास कळले, धन्यास नाही! ती बातमी धन्यापर्यंत आणण्यास पट्ट्यात मोबाईलचे सिमकार्ड बसवावे लागते, आणि आपण पैसे देतो ते या निरोप्याला. मोबाईलचे जाळे जेथे पोहोचत नाही, तेथे हा निरोप्या मुका होतो. वर्गणी मात्र थांबत नाही.

तसे पाहता जनावरामागे वर्गणी देणे आपल्याकडे नवे नाही. गावच्या ढोरक्यास जनावरामागे धान्य वा पैसे ठरलेले असत. तो सकाळी आखरावर गुरे जमवी, दिवसभर राखी आणि सायंकाळी दारी आणून सोडी. त्याची वर्गणी कोणास जड वाटली नाही, कारण ठाव सांगून तो थांबत नव्हता, गाय घेऊन येत होता. आता ढोरकी मिळेनासे झाले आहेत. त्यांची मुले शहरांत कामास गेली, आणि ती गेली यात वाईट काही नाही.

मग बिनवर्गणीचा उपाय कोणता? कानातला पिवळा बिल्ला पाहून काहींची समजूत होते की, सरकारने ही सोय केलीच आहे. त्यावरील १२ आकड्यांनी जनावराची ओळख पटते, ठाव लागत नाही. कुत्र्याच्या कातडीखाली बसविण्याच्या चिपेचेही तेच. दुसरा उपाय २०२१ साली निघालेल्या ॲपलच्या एअरटॅगसारख्या चकत्यांचा. या चकतीस उपग्रहाचे काही कळत नाही. जवळून जाणाऱ्या परक्या माणसाचा फोन तिची हाक ऐकतो आणि धन्यास परस्पर कळवितो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मांजर हरवले तर ती उपयोगी पडेल. आमच्या रानात चकतीजवळून चितळ जातील, रानडुकरे जातील. त्यांच्यापाशी फोन नसतो. कंपनीनेही ही चकती वस्तूंसाठी आहे, पाळीव प्राण्यांसाठी नव्हे, असे सांगून ठेवले आहे.

तिसरा उपाय रेडिओचा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या लहरींवर अल्प शक्तीचे यंत्र चालविण्यास आपल्या देशात परवाना लागत नाही. पट्ट्याने उपग्रहांवरून आपली जागा ठरवावी आणि या लहरींवर चार शब्दांचा निरोप थेट घरच्या यंत्राकडे धाडावा, अशी ही योजना. लोरा असे तिचे नाव. यात मध्ये कोणी कंपनी नाही, म्हणून वर्गणीही नाही. नागपुरास अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या भाच्याने असा पट्टा करून दिला आणि गच्चीवर बांबू उभारून त्यास तार लावली. उघड्या शेतात निरोप तीन किलोमीटरांवरून येतो. पावसाळ्यात रान दाट झाले की त्याच्या निम्म्यावरूनही कष्टाने येतो. अर्ध्या तासास एकच निरोप ठेवला, म्हणून बॅटरी पुरते.

गेल्या भाद्रपदात दिवेलागण झाली तरी आमची गाय आली नाही. यंत्रावरचा ठिपका नाल्यापलीकडे होता, आणि दोन तासांत तो तसूभरही हलला नाही. शेजारची दोन तरुण मुले बॅटऱ्या घेऊन निघाली. आम्ही त्यांस जाऊ दिले नाही. जागा कळली आहे, ती सकाळीही तेथेच राहील. जनावर जिवंत असेल तर रात्र काढील, नसेल तर तुमच्या जाण्याने उठणार नाही, असे सांगितले. वाघाने जनावर मारल्यास ४८ तासांच्या आत वनखात्यास कळवावे लागते, तेवढा अवधी हाती होता. सकाळी वनरक्षकास घेऊन आठजण गेलो. बोरीच्या काटेरी झुडपात पट्टा अडकून तुटला होता; रक्त नाही, ओढत नेल्याची खूणही नाही. गाय दुपारी शेजारच्या गावच्या आखरावर सापडली. तिच्या गळ्यातली लाकडी घंटा ओळखून तेथल्या एका म्हाताऱ्याने निरोप धाडला होता.

यावरून घंटाच बरी, यंत्र व्यर्थ, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. यंत्राने पट्ट्याचा ठाव सांगितला, गाईचा नाही, हे खरेच. तरी त्या रात्री दोन मुले घरी राहिली, ती त्या ठिपक्यामुळे. ठिपका नसता तर त्यांनी चारी दिशांस रान तुडविले असते आणि त्यांस अडविण्यास आमच्यापाशी शब्द नसता. २०१९ साली टिपेश्वरच्या एका वाघाने गळ्यातल्या पट्ट्यासह सुमारे १,३०० किलोमीटरांची वाट तुडवीत ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. त्या पट्ट्यामुळे वाघ कोठून कसा जातो हे कळले. गाय कोठे आहे हे कळले तर माणसाने कोठे जाऊ नये हे ठरविता येते, आणि आमच्या तालुक्यात त्याचेच मोल अधिक.

ज्यांच्या गावी मोबाईलचे जाळे चांगले आहे, त्यांनी वर्गणी भरावी. त्यात कमीपणा नाही. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी रेडिओचा पट्टा करून घ्यावा, तार शक्य तितकी उंच बांधावी आणि घंटा मात्र सोडू नये. शिवाय शेजारच्या गावांशी बोलणे ठेवावे. ठाव फुकट मिळतो, निरोप आणणारा फुकट मिळत नाही. त्याला कोठे पैसा द्यावा लागतो, कोठे मेहनत, आणि त्या म्हाताऱ्यासारख्यास पुढल्या खेपेस त्याची गाय आमच्या आखरावर आली तर तितक्याच तत्परतेने कळवावे लागते.