वरळीच्या चाळीत एक रविवार

मावशीला नवे घर मिळाले तेव्हापासून "कधी येतोस?" म्हणून तिचा सारखा लकडा होता. शेवटी एका रविवारी गेलो. करी रोडला उतरलो आणि डिलाईल रोडचा पूल चढलो. हा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पुरता सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. पाच वर्षे लोकांनी वळसे घातले. पूर्वी या भागात जिकडे पाहावे तिकडे गिरण्यांची धुराडी दिसत, आता काचेच्या इमारती. त्या काचा पुसायला दोरावर लोंबकळणारी पोरे मात्र आपल्यासारख्याच घरांतली.

वरळी नाका ओलांडून जांबोरी मैदानाशी आलो. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. इंग्रज सरकारच्या या खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला धरून चार मजले, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला इथे राहायला लोक येईनात. १९३० च्या कायदेभंगात तर सरकारने सत्याग्रही कोंडायला याच चाळी वापरल्या. मधून बोळासारखी गॅलरी, दोन्ही बाजूंना दारे, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. तुरुंग करायला फारसा खर्च आला नसेल!

मावशी लग्न होऊन इथे आली. काका गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काका घरी बसले ते कायमचेच. मग मावशीने डबे सुरू केले. खोलीत सात माणसे, तेव्हा स्टोव्ह दाराबाहेर गॅलरीत. पोळ्या लाटायला शेजारची वहिनी यायची. समोरच्या बाईचे शिलाई मशीन गॅलरीतच, पलीकडे पापड वाळत घातलेले. गिऱ्हाईक शोधायला जावे लागत नसे, संडासच्या रांगेत उभे राहिले की दोन डबे वाढत. उधारीची वही खिळ्याला टांगलेली. संपात कितीतरी घरे अशी गॅलरीवर जगली, पण त्याची नोंद कुणी केली नाही.

आता मावशी चाळीस मजली इमारतीत राहते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत तिची एक. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम. मला तिने हॉल दाखवायच्या आधी संडास दाखवला. "आता रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन जायला नको," म्हणाली. गुडघे गेलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला याची किंमत काय, ते खिडकीतल्या समुद्राचे कौतुक करणाऱ्यांना कळायचे नाही.

डब्यांचे विचारले तेव्हा मात्र ती गप्प झाली. मग म्हणाली, "इथे दार लावून बसतात रे. जिन्यात कुणी भेटत नाही. लिफ्टमध्ये भेटतात ते वर आकडे बघत उभे राहतात." अकरा डब्यांचे तीन राहिलेत. सून म्हणते, आता आराम करा. पण पुढेमागे इमारतीचा देखभाल खर्च अंगावर आला तर तो कशातून भरायचा, याचा हिशेब मावशी तिच्या जुन्या वहीत मांडते आहे. दलालांचे फोन येतात, भाड्याने देता का म्हणून. त्यांना ती जे ऐकवते ते इथे छापण्यासारखे नाही.

राजकारणाचा विषय निघालाच. वरळीत तो निघाल्याशिवाय चहा येत नाही. २०२२ साली सरकारने या चाळींना पुढाऱ्यांची नावे द्यायचे ठरवले. वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी. टॅक्सीवाल्याला अजूनही बी.डी.डी.च सांगावे लागते. त्याच मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईला नगरसेवकच नव्हते. "चार वर्षं नळाला पाणी नाही म्हणून ओरडायचं तर कुणाच्या दारात? आता मतं मागायला आले तेव्हा मी विचारलं, इतके दिवस कुठे होतात? म्हणे, आम्ही पण वाटच बघत होतो!" मावशी इतकी हसली की चहा बशीत सांडला.

निघताना तिने माझ्या हातात एक डबा दिला. तिची लाटणारी वहिनी अजून जुन्याच चाळीत आहे, तिची इमारत व्हायची आहे. मी गेलो. गॅलरीत दिवा जळत होता, कुणाचे तरी पोर तीनचाकी चालवत होते, दारे सताड उघडी. वहिनीने डबा घेतला, आत जाऊन तो धुतला आणि बोंबलाची चटणी भरून परत दिला. "आता हा वर पोचव," म्हणाली.

परत टॉवरपाशी आलो तर वॉचमनने वही पुढे केली. नाव, घर नंबर, येण्याचे कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, सुचेना. मी 'डबा' असे लिहिले. त्याने ते वाचले, डब्याकडे पाहिले आणि लिफ्टचे बटण दाबले.