राजकारण सोडून बोला

सामुदायिक रेडिओवर आलेल्या माणसाला माइकसमोर बसवताना आम्ही एकच गोष्ट बजावायचो. काहीही बोला, राजकारण सोडून. ही अट आमची नव्हती. सामाजिक संस्थांना असा रेडिओ चालवू देणाऱ्या २००६च्या केंद्रीय धोरणातच ती होती: बातम्या नकोत, चालू घडामोडी नकोत, राजकीय काही नको. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी ११ वर्षं, १९९५मध्ये सांगितलं होतं.

साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका केंद्रावर मी आठवड्याला एक तास गप्पांचा कार्यक्रम करत असे. आवाज पोचायचा जेमतेम दहा-बारा किलोमीटर. विषय साधे, गाणी, कपडे, पाऊसपाणी. एकदा जात्यावरच्या ओव्या म्हणायला सत्तरीतल्या एक मावशी आल्या. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. ओव्या झाल्यावर मी सहज विचारलं, "मावशी, नऊवारी कधी सोडलीत?"

"म्या कुठं सोडली? हीर आटली तवा सुटली," त्या म्हणाल्या. काष्टा घालून विहिरीच्या पायऱ्या बिनघोर उतरता यायच्या. आता पाणी टँकरने येतं. "त्यो कवा यील सांगता येत न्हाय. नऊ वार नेसूस्तवर टँकर पळतो. आन् पयला कुठं थांबतो, ते समद्यांस्नी ठावं हाय."

संकलनाला बसलो तेव्हा या शेवटच्या वाक्यावर गाडी अडली. सहकाऱ्याचं म्हणणं, हे राजकारण झालं, कापू या. त्याची भीती खोटी नव्हती. परवाना गेला तर ओव्याही गेल्या. पण बाईंनी ना पक्षाचं नाव घेतलं होतं, ना माणसाचं. आणि ते वाक्य कापलं तर नऊवारीची गोष्टही अर्धी राहत होती. त्यांच्या बोलण्यात लुगडं, विहीर आणि टँकरची रांग हे तीन विषय नव्हतेच. वेगवेगळे रकाने आमच्या कार्यक्रमपत्रिकेत होते.

पुढे नियम थोडे सैल झाले. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येऊ लागल्या. पाणीपुरवठ्याबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेली सूचना बातमीत धरली जात नाही. म्हणजे पाणी कधी येणार हे कचेरीने कळवलं तर ती माहिती, आणि आलेलं पाणी कोणाच्या दारात आधी रिकामं होतं हे रांगेतल्या बाईने सांगितलं तर मात्र आम्ही दचकायचो. सरकारने आम्हाला कधी विचारलं नाही, कात्री आम्हीच हातात घेऊन बसायचो.

ते वाक्य आम्ही ठेवलं. कार्यक्रम लागला, परवान्याला काही झालं नाही. टँकरचा रस्ताही बदलला नाही. पुढच्या आठवड्यात दोन वस्त्यांवरून फोन आले. आमच्याकडं पण या म्हणाल्या, आमच्याही ओव्या हायत.