चौथा कोपरा

उजवा हात थरथरायला लागला तेव्हा पहिली काळजी वाटली ती योकची, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या वेटोळ्याची. सोल्डरिंग अजून निभतं, मनगट टेबलावर टेकवता येतं. योक मात्र सेट चालू ठेवून, वीस-बावीस हजार व्होल्टच्या शेजारी, अधांतरी हातानंच केसभर तिरका करावा लागतो. आता तिथं माझ्याकडं शिकणाऱ्या मुलीचा हात असतो आणि मी काचेसमोर बसतो.

जुन्या गेम मशीनची पिक्चर ट्यूब बदलली की मला छळतो तो चौथा कोपरा. मध्यावर लाल, हिरवा, निळा एकमेकांवर बसवणं कुणालाही जमतं. कडा पाचरी सरकवून येतात. तीन कोपरेही येतात. चौथ्यात मात्र तांबडी रेघ पांढरीतून सुटून वेगळी उभी राहते. तिच्यासाठी योकखाली चुंबकी पट्टी सारली, की शेजारचा कोपरा सुटतो. तो धरला, की मधली प्युरिटी, म्हणजे रंगाचा निखळपणा, जाते आणि हिरव्यावर भलत्या रंगाचा डाग उमटतो. टेबलावर सगळं जुळवून ट्यूब कॅबिनेटमध्ये बसवली, तोंड उत्तरेचं पूर्वेला झालं, की पृथ्वीचं चुंबकत्व पुन्हा थोडं काहीतरी हलवतं. म्हणून शेवटचा हात मी मशीन जिथं राहणार तिथंच, डिगॉस करून, म्हणजे ट्यूबमध्ये साठलेलं चुंबकत्व काढून, फिरवतो. पूर्वी त्यासाठी समोर आरसा ठेवून मागून बघायचो.

पॅक-मॅन घ्या. 1980चा गेम, 224 बाय 288 ठिपके, ट्यूब आडवीची उभी केलेली. त्यातला चक्रव्यूह निळा, म्हणजे जवळजवळ एकाच गनचं, एकाच रंगाच्या किरणाचं काम. तिथं कन्व्हर्जन्सचा, म्हणजे तिन्ही रंग एकमेकांवर न बसण्याचा, दोष झाकला जातो. उघडा पडतो वरच्या पांढऱ्या आकड्यांत आणि खाली डाव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या अक्षरांत. त्याच चक्रव्यूहानं जुन्या ट्यूबचा फॉस्फर जाळून ठेवलेला असतो. मशीन बंद असतानाही काचेवर भिंती दिसतात. त्यावर औषध नाही. गनचं एमिशन रिज्युव्हिनेटर लावून काही काळ वर आणता येतं, जळलेला फॉस्फर येत नाही. मग ट्यूबच बदलावी लागते. आपल्याकडच्या 20 इंची टीव्हीची ट्यूब अमेरिकन 19 इंचीच्या जागी बसते, कारण ते दिसणारा पडदा मोजायचे आणि आपण पूर्ण काच मोजायचो. मान जाड, 29 मिलिमीटरची हवी. मशीनचा मूळ योक तिच्यावर चढवला, की चौथ्या कोपऱ्याची लढाई पहिल्यापासून सुरू.

अशा ट्यूब भंगारवाल्याकडून मी जमवत असतो, कारण नव्या येणार नाहीत. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉननं 2005 साली थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तेव्हा दुकानात आम्हाला अभिमान वाटला होता. पण सपाट पडदे दाराशी आलेच होते.

काही जण सरळ एलसीडी बसवून देतात. तासाभरात काम, आणि कोपरे चारही सरळ. गिऱ्हाईक खूश होतं, त्याचा राग नाही. राग येतो तो ते याला दुरुस्ती म्हणतात याचा. गेमचं चित्र काढणाऱ्यानं रेघांमधल्या अंधाराचा आणि ठिपक्याच्या कडेच्या झळाळीचा हिशेब करून काढलेलं असतं. 1979च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये तर अशा रेघाच नाहीत, किरण थेट आकृती काढत जातो आणि यानाच्या गोळीचा ठिपका बाकी सगळ्याहून प्रखर पेटतो. ते तेज एलसीडीत मी तरी पाहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या गेम पार्लरांत ‘मुस्तफा’ खेळणारी पोरं कोपऱ्याकडं बघत नव्हती. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, कॅपकॉम, 1993. मालकही बघत नव्हते. तरी मी बघायचो, आणि ते त्या पोरांसाठी नव्हतं. माझ्यानंतर कुणी मेकॅनिकनं मागचं झाकण उघडलं, तर ट्यूबच्या मानेवरच्या, माझ्या लाल नेलपॉलिशनं पक्क्या केलेल्या चुंबकी रिंगा बघून त्यानं थांबावं, हात लावू नये, एवढीच माझी इच्छा असे. अशी सेटिंग मी दुरून ओळखतो, आणि दुसऱ्याची चांगली दिसली तर आजही मनात कुठंतरी टोचतं.

मुलीला सांगताना माझी अडचण होते. “थोडं वर” म्हटलं की ती विचारते, “काका, किती?” माझ्या अंगठ्याला ते ठाऊक होतं, जिभेला नाही. तिनं योकच्या कडेवर पेन्सिलीनं खुणा केल्या, मोबाइलचा कॅमेरा काचेसमोर लावला आणि मागून पडदा स्वतःच बघायला लागली. गेल्या महिन्यात एका ‘गॅलागा’ गेम मशीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यासाठी मी पट्टी मागत होतो. ती म्हणाली, “आधी वरची पाचर ढिली करून बघते.” कोपरा आला, शेजारचाही टिकला.

मालक मशीन न्यायला आला तेव्हा बराच वेळ कोपऱ्याकडं बघत राहिला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “तुमच्यासारखा हात आता राहिला नाही.” मुलगी आत वायर गुंडाळत होती. मी बिल लिहिलं. हात तिचा होता, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.