बाखची पहिली कॉर्ड

बाखच्या जी मायनर सोनाटाची सुरुवातच चार स्वरांच्या कॉर्डनं होते. व्हायोलिनची घोडी वरून गोलाकार, त्यामुळे चारही तारा एकदम धरता येत नाहीत. गज खालच्या तारांवर टेकवून वरच्या तारांवर न्यावा लागतो. माझ्या तेरा वर्षांच्या लेकीनं या एका हालचालीसाठी सबंध उन्हाळा दिला. कॉर्ड भरदार उमटायची आणि तिच्यातूनच पुढची सुरावट अलगद खाली उतरायची. बाखनं १७२० मध्ये लिहिलेलं हे संगीत आमच्या दादरच्या घरात रोज वाजतंय, याचं मला अप्रूप होतं.

व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये तरुण व्हायोलिनवादकांसाठी स्पर्धा सुरू केली. तशाच एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी आम्हाला व्हिडिओ पाठवायचा होता. रचना सलग हवी, मध्ये कुठं कात्री नको, आवाज नंतर जोडायचा नाही.

मोबाइलवर पहिलं चित्रण ऐकलं आणि माझा जीव खालीवर झाला. मोठा आवाज आला की फोन पातळी आपोआप खाली ओढतो, नाजूक आला की वर उचलतो. कॉर्ड दबली होती, मागचे हलके स्वर फुगले होते. तिनं कमावलेला चढउतार परीक्षकांपर्यंत पोचणारच नव्हता!

तिच्या व्हायोलिनच्या सरांनी पातळी हातानं ठरवता येईल असा माइक फोनला जोडायला लावला. तो डोक्याच्या वर, आठ-दहा फुटांवर. जवळ ठेवला तर गजाची खरखर तेवढी ऐकू येते. पडदे-गाद्यांनी भरलेल्या आमच्या खोलीत नाद विरून जायचा, म्हणून ओळखीच्या एका शाळेचं उंच छताचं सभागृह मागितलं. जुलै महिना. दमट हवेत खुंट्या फुगून अडकत, गजाचे केस सैल पडत. पंखे बंद ठेवावे लागत. घामानं हनुवटी घसरायची, तरी पोरगी हटली नाही.

शेवटी दोन चित्रणं उरली. एकात स्वर अगदी काटेकोर. दुसऱ्यात एक ट्रिल किंचित डळमळलेली, पण कॉर्डनंतरचा श्वास पुरता.

मी पहिलं म्हटलं.

“आई, त्यात मी चुकायला नको म्हणून वाजवतेय,” ती म्हणाली. “ऐक ना, गज कुठंच मोकळा नाहीये.”

सरांनी हेडफोन लावून दोन्ही चित्रणं ऐकली. तिचंच म्हणणं बरोबर ठरलं, आणि दुसरं चित्रण पाठवलं. ती ट्रिल परीक्षकांना ऐकू येईलच. तो पुरता श्वासही ऐकू यावा, एवढंच मला मनापासून हवं आहे.