तुरिनचं धुराडं

तुरिनमध्ये हिवाळा सरकारी तारखेने सुरू होतो. इटलीने हवामानाप्रमाणे शहरांचे विभाग पाडले आहेत. तुरिन ‘ई’ विभागात येतं, म्हणून इमारतींचं हीटिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. शहराच्या मोठ्या भागात जमिनीखालच्या नळांतून उष्णता घरोघर पोचते, तिथल्या रहिवाशाला रेडिएटरची चावी फिरवली की पुरे. पण भाडं परवडावं किंवा चार हात अंगण मिळावं म्हणून जो मराठी माणूस रिव्होली, आव्हिल्याना किंवा सूसा खोऱ्याकडे सरकतो, त्याच्या बैठकीच्या खोलीत बऱ्याचदा एक चकचकीत पेटी उभी असते. पुढे काचेचं दार, वर पडदा आणि बटणं, मागे आठ सेंटिमीटर व्यासाचा काळा पाइप. पेलेट स्टोव्ह.

फियाटचं माहेर तुरिन आणि फियाटचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावात, त्यामुळे मोटारींतली माणसं इथे येत राहतात. शिकायला येणारे इथल्या पॉलितेक्निको या तंत्रविद्यापीठात दाखल होतात. इंजिनिअर माणसाला यंत्राची भीती नसते. घरमालकही सांगतो, बटण दाबा, झालं. ते अर्धंच खरं आहे.

पेलेट म्हणजे सॉ मिलचा भुसा. दाबाखाली तो तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होऊन स्वतःच गोंदासारखं चिकटतं आणि सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या बाहेर पडतात. आपल्याकडे वखारीतून भुसा आणून, मधे बाटली उभी धरून तो डब्यात ठासून भरायचा, मग बाटली काढून शेगडी पेटवायची, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा माल ओळखीचाच वाटेल. इथे तो १५ किलोच्या पिशवीत येतो. ‘एनप्लस ए वन’ असा शिक्का असेल तर राख जास्तीत जास्त ०.७ टक्के, म्हणजे अख्ख्या पिशवीमागे शंभर ग्रॅमच्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो. पण थंडीच्या मोसमात एक टन जळाला तर सात किलोपर्यंत राख झाली, आणि तिचा हलका भाग तळाच्या ट्रेमध्ये न बसता धुराबरोबर उडतो.

तो जातो कुठे, हाच खरा प्रश्न. लाकडाच्या जुन्या चुलाण्यात धूर गरम असतो आणि रुंद धुराड्यातून स्वतःच्या ताकदीवर वर चढतो. पेलेट स्टोव्ह बहुतेक उष्णता खोलीला देऊन टाकतो. उरलेला कोमट धूर बारीक पाइपातून ढकलायला विजेचा पंखा लागतो. जिथे पाइप वळतो किंवा आडवा जातो तिथे धूर मंदावतो आणि राख खाली बसते. पाइप चोंदला की पंख्याचा जोर अपुरा पडतो, ज्वाळेला हवा कमी मिळते, अर्धवट जळण होतं, आणि त्यातून निघालेली काजळी पाइप आणखी चोंदवते. मग यंत्र पडद्यावर धुराचा अलार्म देऊन बंद पडतं, तेही नेमकं थंडीच्या कडाक्यात. अलार्मवर चिडण्यात अर्थ नाही. तो वाजला म्हणून कार्बन मोनॉक्साइड खोलीत आला नाही. या वायूला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं एवढीच खूण, आणि ती सर्दीतापाची समजून माणूस झोपी जातो. तो वायू ओळखणाऱ्या शोधक यंत्राचे पैसे वाचवणारा माणूस हिशेबात कच्चाच म्हणायचा.

घरच्या घरी करायची सफाई अशी चालते. स्टोव्ह आदल्या रात्री बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा, प्लग काढायचा. जिथे कांड्या जळतात ती लोखंडी वाटी उचलली की तळाच्या भोकांत काचेसारखी वितळून घट्ट झालेली राख दिसते. ती खरवडून प्रत्येक भोक मोकळं करायचं. दारावरची काच ओल्या वर्तमानपत्राला तीच राख लावून पुसली की लख्ख होते. राख ओढायला पत्र्याच्या पिंपाचा खास व्हॅक्यूम मिळतो. घरातला नेहमीचा वापरला आणि राखेत एखादा निखारा जिवंत राहिला, तर व्हॅक्यूमच पेटतो. राखेचा डबाही पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, घराबाहेर ठेवलेला.

आता पाइप. स्टोव्हच्या मागे ‘टी’ आकाराचा जोड असतो, त्याच्या तळाशी टोपण. टोपणाखाली पिशवी धरून ते फिरवलं की मूठभर पूड सळसळत खाली येते. तिचा रंग नीट पाहावा. फिकट करडी, पावडरसारखी असेल तर जळण ठीक आहे. काळी आणि तेलकट असेल तर हवा कमी पडते आहे किंवा कांड्यांनी ओल धरली आहे. मग लवचिक दांड्याचा, पाइपाच्या मापाचा ब्रश खालून वर सारायचा, टोपणाची रबरी कडी तपासून परत घट्ट बसवायचं. पेटवल्यावर ज्वाळ पिवळीधमक, चपळ हवी. ती लांब, सुस्त आणि शेंड्याला काळपट दिसली तर अजून कुठेतरी अडलंय.

इथे एक मोह आवरावा लागतो. अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक पानं उडवायचा ब्लोअर पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला लावून सगळी राख एका दमात ओढायला निघतात. अमेरिकेत तो पाइप बरेचदा भिंतीतूनच बाहेर निघतो, म्हणून तोंड हाताशी येतं. इटलीच्या नियमाप्रमाणे धूर छपरावरच सोडावा लागतो. वीज गेली, पंखा थांबला, तरी उभं धुराडं उरलेला धूर वर ओढतं, हा त्यातला फायदा. निसरड्या कौलांवर ब्लोअर घेऊन चढणारा इंजिनिअर काय सिद्ध करू पाहतो, कोण जाणे.

छपराचं काम स्पात्साकामीनोचं, म्हणजे धुराडी साफ करणाऱ्या कारागिराचं. तो वर्षातून एकदा येतो, तपासणी करतो, स्टोव्हच्या नोंदवहीत लिहितो. तुरिन ज्या पिएमोंते प्रांतात आहे, त्याच प्रांतातलं व्हिजेत्सो खोरं या धंद्याचं माहेर. इथली गरीब घरची पोरं थंडीत परमुलखात पाठवली जात, कारण अरुंद धुराड्यात लहान अंगच मावायचं. मालेस्को गावात अशा एका पोराचं स्मारक आहे. धुराड्यातून डोकं बाहेर काढताना विजेच्या तारेला लागून तो गेला. शेजारच्या सांता मारिया माज्जोरेत त्यांचं संग्रहालय आहे आणि दर सप्टेंबरला देशोदेशीचे धुराडेवाले तिथे जमून मिरवणूक काढतात. पोट भरायला घर सोडलेल्यांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

जळण नीट होण्यात सरकारलाही रस आहे. पो नदीच्या खोऱ्यात थंडीत वारा पडतो आणि धूळ-धूर जमिनीलगत साचतो. २०१७ मध्ये पिएमोंते, लोम्बार्दी, व्हेनेतो आणि एमिलिया-रोमान्या या चार प्रांतांनी हवा सुधारण्यासाठी मिळून करार केला. त्याच वर्षी स्टोव्हना प्रदूषणाप्रमाणे तारे देणारा नियम आला. हवा बिघडली की कमी ताऱ्यांचे स्टोव्ह बंद ठेवावे लागतात. घर भाड्याने घेताना खोल्या मोजण्याबरोबर स्टोव्हला तारे किती आणि नोंदवहीत शेवटची नोंद कधीची, हेही विचारा. आणि कारागिराची वेळ सप्टेंबरातच ठरवा. ऑक्टोबर उजाडला की तो फोन उचलत नाही.