पीच, बर्बन आणि आई

यंदा आई जुलैत आमच्याकडे होती आणि नेमके तेव्हाच शेजारच्या आजींनी टोपलीभर पीच आणून दिले. एवढ्या पीचचं करायचं काय? आम्ही कॅन्सस सिटीत राहतो, तेव्हा उत्तर एकच. बार्बेक्यू सॉस!

इथला सॉस टोमॅटो आणि मोलॅसिसचा, दाट आणि गोडसर. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात नुसतं व्हिनेगर आणि मिरची, साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा, अलाबामात तर चक्क मेयोनीजचा पांढरा. प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून आपल्याकडे वाद होतात ना, तसंच.

मी पीच घालून करते तेव्हा त्यात अर्धा कप बर्बन पडते. निम्म्याहून जास्त मका असलेली, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. तिचा व्हॅनिलासारखा वास पीचशी छान जमतो.

पण आई घरात होती. आणि आमच्या घरात दारू म्हणजे बाबा.

बाबांबद्दल मी इथे कधी लिहिलं नाही. एवढंच सांगते की ते तांदळाच्या डब्यामागे बाटली ठेवायचे, आई ती शोधायची, आणि आम्ही भावंडं अभ्यास करत असल्याचं नाटक करायचो. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. अजूनही खोकल्याच्या औषधाचा वास आला तरी आईचा चेहरा बदलतो.

म्हणून आई यायच्या आदल्या दिवशी मी बर्बनची बाटली कणकेच्या डब्यामागे सारली होती. काय करतेय ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी मी पीच उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून गार पाण्यात काढले, सालं सोलली. कांदा-लसूण तेलावर परतलं. त्यात पीचच्या फोडी, दोन कप केचप, अर्धा कप सायडर व्हिनेगर, मोलॅसिसऐवजी आपला गूळ, मोहरीची पूड, लाल तिखट. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "कणीक भिजवू का गं?" मी वळेपर्यंत तिने डबा ओढला होता.

बाटली हातात घेऊन ती नुसती उभी राहिली.

"आई, अगं ती सॉसमध्ये घालायला आहे."

"मग लपवलीस कशाला?"

यावर मी काय बोलणार?

थोड्या वेळाने तिने विचारलं, "शिजल्यावर उडून जाते ना?" हो म्हणणं किती सोपं होतं! पण या विषयावर आमच्या घरात आधीच खूप खोटं बोलून झालंय. मी खरं ते सांगितलं. इथल्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे अर्धा तास शिजवलं तरी साधारण ३५ टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनीसुद्धा ५ टक्के.

"मग माझं आधी वेगळं काढ," ती म्हणाली.

मी दोन पातेली केली. माझ्यात गॅस बंद करून बर्बन घातली (पेटत्या गॅसवर ओतू नका, वाफ पेट घेते) आणि परत मंद आचेवर ठेवली. आईने तिच्या पातेल्याचा ताबा घेतला. चव बघून गूळ वाढवला, मेथीची फोडणी दिली. "हा तर मेथांबाच झाला की," म्हणाली. मग ढवळता ढवळता, माझ्याकडे न बघता, "तुझ्या बाबांना फार आवडायचा. कैऱ्या तेच निवडून आणायचे."

बाबांचं नाव, आणि त्यात बाटली नाही! असं तिच्या तोंडून मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही ग्रिल पेटवलं. सॉस शेवटच्या दहा मिनिटांतच लावायचा, नाहीतर साखर करपते. आमच्या चिकनला माझा, आईच्या मक्याच्या कणसाला तिचा. शेजारच्या आजींनी दोन्ही खाल्ले आणि आईचा डबा भरून नेला. असो.

रात्री ओटा आवरताना मी बाटली परत डब्यामागे ठेवायला गेले.

"मागे नको," आई म्हणाली. "समोरच राहू दे."