चमक विझल्यावर

क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारे अर्धवाहकाचे नॅनोकण, बनवणाऱ्याला आधी भूल पडते ती रंगांची. कॅडमियम सेलेनाइडचा कण वाढत जातो तसा त्याचा हिरवा उजेड पिवळा होतो, मग तांबडा. हवा तो रंग आला की फ्लास्क झटकन थंड करायचा. माझ्या कामातला हा सगळ्यात आवडता क्षण. पण आतल्या ऊतकांचं चित्र घेण्यासाठी हाच कण शरीरात सोडायचा म्हटलं की मन त्यातल्या कॅडमियमपाशी अडतं. हा धातू माणसाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुक्काम करतो.

म्हणून त्यावर झिंक सल्फाइडचं कवच चढवतो. उघड्या कणांना हवा किंवा अतिनील किरणं लागली की कॅडमियमचे आयन सुटतात आणि यकृताच्या पेशी मरतात, हे संगीता भाटिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवलं. कवचाने ही गळती कमी होते, एवढंच.

खरी कसोटी मोजण्यात आहे. उंदराच्या यकृतातली चमक मावळली म्हणजे कण गेले, असं मानण्याचा मोह फार होतो. पण पृष्ठभाग बिघडला तरी चमक जाते, आणि धातू तिथेच असतो. म्हणून ऊतक आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूचा सूक्ष्म अंशही मोजणाऱ्या यंत्रावर, कॅडमियम मोजायलाच हवं. २०१२ मध्ये असे कण टोचलेल्या ऱ्हीसस माकडांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९० दिवस रक्ताच्या तपासण्या ठीक, अवयवांत ठळक बिघाड नाही. मात्र बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांतच सापडलं. अशा कणाला निर्धोक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मला भरवसा वाटतो तो बाहेर पडणाऱ्या कणांचा. २००७ मध्ये फ्रँजिओनी आणि बावेंडी या संशोधकांच्या गटांनी दाखवलं, की लेपासकट ५.५ नॅनोमीटरच्या आतले कण मूत्रावाटे भराभर निघून जातात. कॉर्नेल विद्यापीठात बनलेल्या सिलिका कणांत तर कॅडमियमच नाही, नुसतं रंगद्रव्य. मेलानोमाच्या पाच रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीत तेही मुख्यतः मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडले. चमक थोडी कमी चालेल, पण वाट हवी.

नवा कण घेऊन विद्यार्थी आला की फोटो बघण्याआधी मी लघवी-विष्ठेच्या नमुन्यांचे आकडे मागते. टोचलेला धातू, बाहेर आलेला आणि आत उरलेला, यांचा हिशेब जुळल्याशिवाय शोधनिबंध पाठवू देत नाही.